बेटा माशासाठी घेतलेलं टेस्ट किट आणि हीटर : आठ महिन्यांचा अनुभव

डिसेंबरात आमच्या निळ्याच्या, म्हणजे आमच्या बेटा माशाच्या, शेपटीची कड काळी पडून झिरमिळायला लागली. तेव्हा तो तीन लिटरच्या काचेच्या गोल भांड्यात होता. बेटाला एवढं पुरतं, असं दुकानात सांगितलं होतं. मी आधी पिवळं औषध घातलं, मग निळं. त्यानं खाणं सोडलं आणि तळाशी पडून राहिला. तो आठवडा आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या घरात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं.

मग पाणी तपासायचं थेंबांचं टेस्ट किट आणि 25 वॉटचा हीटर मागवला. नळीतलं पाणी पाच मिनिटांत हिरवं झालं : अमोनिया (माशाच्या घाणीतून पाण्यात साचणारं विष) 2 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दोन भाग. तो शून्य हवा. पहाटे पाणी 19 अंशांवर होतं. बेटा मूळचा थायलंडकडच्या उबदार पाण्यातला, त्याला 25 ते 28 अंश लागतात. माशाचे पर सडवणारे जंतू पाण्यात असतातच. थंडीनं आणि अमोनियानं मासा खचला की ते जोर धरतात. म्हणजे मी औषध माशाला देत होतो आणि दुखणं पाण्यात होतं.

20 लिटरची टाकी आणली, स्पंज फिल्टर लावला. रोज एक तृतीयांश पाणी बदललं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवून आणि तेवढंच कोमट करून. लिटरला एक ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ, आधी विरघळवून, आठ दिवस. शाळेच्या आवारातलं देशी बदामाचं वाळलेलं पान धुऊन सोडलं. तिसऱ्या आठवड्यात फाटक्या शेपटीला काचेसारखी पारदर्शक नवी कड दिसली. घरातल्या सगळ्यांना हाक मारून दाखवली!

आता वस्तूंबद्दल. किटचे रंग ट्यूबलाइटखाली फसवतात, नळी खिडकीपाशी धरा. किटमधली नायट्रेट (अमोनियापासून शेवटी बनणारा क्षार) तपासायची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो. हीटरचा काटा 26 वर ठेवला की पाणी 28 होतं, त्यामुळे थर्मामीटर वेगळा हवाच. चिकटायच्या रबरी वाट्या पाच महिन्यांत कडक झाल्या. पाणी काढण्याआधी हीटर बंद करून थंड होऊ द्या, नाहीतर काच तडकते.

किट सगळं सांगत नाही. अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे आले तर ती इच. टॉर्चच्या उजेडात सोनेरी धूळ दिसली तर व्हेल्वेट. वरून पाहताना खवले उभे दिसले तर ड्रॉप्सी. त्यातून फार थोडे मासे वाचतात. म्हणून रोज सकाळी खाऊ घालताना दोन मिनिटं नीट बघायचं.

2019 आणि 2021 च्या महापुरात नळ बंद पडले होते, ते लक्षात ठेवून जुलैत दोन बादल्या पाणी भरून ठेवलं. त्याचीही आधी तपासणी केली, अमोनिया शून्य आला. किट संपलं की हेच घेईन. हीटर मात्र पुढच्या वेळी दुसरा बघणार.