यामाहा एफ३१०: पहिली गिटार म्हणून तिचे परीक्षण

पहिली गिटार घेणाऱ्याला जी नावे सुचवली जातात त्यांत यामाहाच्या तीन गिटारी हमखास असतात: नायलॉनच्या तारांची सी४०, पोलादी तारांची एफ३१० आणि तिच्याहून एक पायरी वरची, तीही पोलादी तारांचीच, एफजी८००. प्रस्तुत परीक्षण मुख्यतः एफ३१०चे आहे, परंतु उरलेल्या दोघी शेजारी ठेवल्यावाचून तिचे गुणदोष नीट ध्यानात येत नाहीत. तिघींकडे पाहताना मी आवाजाच्या गोडव्याला दुय्यम स्थान दिले आहे, कारण ज्याला अजून एका कॉर्डवरून (एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुळणीवरून) दुसऱ्या कॉर्डवर वेळेत जाता येत नाही त्याच्या हातात कोणतीच गिटार गोड वाजत नाही. बोटांना ती सोसवली, तरच तो पुढे वाजवत राहतो.

या दृष्टीने एफ३१०ची सर्वांत जमेची बाजू अशी आहे की जिची चौकशी खरेदीच्या वेळी सहसा कोणी करत नाही. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (धडावर तारा टेकतात ती पट्टी), म्हणजे तार मोकळेपणाने कंप पावते तेवढी लांबी, हिच्यावर ६३४ मिलिमीटर आहे. सी४० आणि एफजी८०० या दोघींवर ती ६५० मिलिमीटर आहे. फरक दीड सेंटिमीटरच्या आसपासचा असला, तरी तीच तार त्याच सुरात लावली असता तिच्यावरचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, आणि त्या हिशेबाने एफ३१०वर तो सुमारे ५ टक्क्यांनी कमी भरतो. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्याही, किंचित जवळ येतात. लहान हाताच्या माणसाला ‘जी मेजर’ ही कॉर्ड धरताना करंगळी तिसऱ्या फ्रेटपर्यंत नेण्याची जी धडपड करावी लागते, ती त्यामुळे थोडी हलकी होते.

नायलॉनच्या तारा बोटांना सोप्या, म्हणून नवशिक्याने डोळे मिटून सी४० घ्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. बारीक तार ०.०१२ इंचाची असलेल्या नेहमीच्या पोलादी संचाचा एकूण ताण ७० किलोंच्या पुढे जातो आणि नायलॉनच्या संचाचा ४० किलोंच्या आसपास राहतो, हे निर्विवाद आहे. बोटांची टोके सुरुवातीला नायलॉनवर कमी दुखतात. पण सी४०ची मान नटपाशी ५२ मिलिमीटर रुंद आहे, एफ३१०ची ४३. एकेका बोटाने सुटी तार छेडत धून वाजवणाऱ्याला ती रुंदी उपकारक ठरते, कारण शेजारच्या तारेला धक्का लागत नाही. कॉर्ड धरून गाण्याला साथ करू इच्छिणाऱ्याचा तळहात मात्र तिच्याभोवती पुरेसा वळत नाही आणि मनगट लवकर थकते. म्हणून काय वाजवायचे आहे हे आधी ठरवावे. सी४०वर पुढे कधी पोलादी तारा चढवू, असा विचार तर मुळीच करू नये. तिची घडण तेवढा ताण पेलण्यासाठी नसते आणि ब्रिज (धडावर तारा अडकवायचा लाकडी ठोकळा) उखडून येऊ शकतो.

आता तारांच्या उंचीविषयी. पहिल्या गिटारच्या बाबतीत याइतके निर्णायक दुसरे काही नाही, आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांतही ही उंची सारखी असेल याची खात्री धरता येत नाही, त्यामुळे येथे मॉडेलची नव्हे तर हातातल्या नगाची परीक्षा घ्यावी लागते. बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेचे फ्रेटपासूनचे अंतर पोलादी तारांच्या गिटारवर अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेचे दोन मिलिमीटरच्या आसपास असावे. नायलॉनच्या गिटारवर ते साहजिकच अधिक, म्हणजे अनुक्रमे चार आणि तीन मिलिमीटरपर्यंत चालते. अंतर जास्त निघाल्यास सॅडल खालच्या बाजूने घासून कमी करता येतो, मात्र बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्याने तेथे एक मिलिमीटर उतरवायचे तर सॅडल दोन मिलिमीटर घासावा लागतो, आणि तेवढा तो ब्रिजच्या वर शिल्लक आहे की नाही हे आधी पाहून घ्यावे. एफ३१०च्या मानेत फिरवता येणारी सळई आहे. तिच्याने मानेचा बाक दुरुस्त होतो, पण ती उंची कमी करण्याचे साधन समजून जो पिळत सुटेल तो चांगली गिटार बिघडवून बसेल.

नटची खाच उथळ राहिली असेल, तर मात्र बाराव्या फ्रेटवरचे माप निर्दोष असूनही पहिल्या फ्रेटवर तार दाबताना जीव मेटाकुटीला येतो. एफ मेजर या कॉर्डने जेवढ्या जणांना गिटार कोपऱ्यात ठेवायला लावली आहे, त्यांतील कित्येकांचा दोष बोटांकडे नसून नटकडे असावा, असे मला वाटते. परीक्षा सोपी आहे: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावावा आणि तोच आकार एक फ्रेट पुढे सरकवून धरावा. तो एकाएकी सोपा झाला, तर नटच्या खाचा खोल करून घ्यायला हव्यात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण खाच गरजेपेक्षा खोल गेली की मोकळी तार खरखरते आणि नट बदलावा लागतो. त्याच खेपेला ०.०१० इंचापासून सुरू होणारा हलका संच चढवून घेतला, तर एफ३१० बरीच मवाळ होते. आवाजाचा भरदारपणा थोडा कमी होतो, पण तो तोटा पहिल्या वर्षी परवडतो.

लाकडाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. एफ३१०चा दर्शनी फळा थर चिकटवून केलेल्या स्प्रूसचा आहे, एफजी८००चा अखंड स्प्रूसचा, आणि कानाला तो फरक कळतो: अखंड फळ्याचा नाद अधिक वेळ टिकतो आणि हळू-जोरात वाजवण्याला अधिक प्रतिसाद देतो. १९६६ साली सुरू झालेल्या एफजी मालिकेचा लौकिक एफजी८००च्या पाठीशी आहे, आणि ज्याला आपण गिटार सोडणार नाही अशी खात्री आहे त्याने थेट तिच्याकडे जावे, यात मला गैर वाटत नाही. थरांचा फळा हवेतल्या दमटपणाचे चढउतार मात्र अधिक मुकाट्याने सोसतो, आणि नवशिका गिटार खोक्यात ठेवण्याऐवजी भिंतीला टेकवून ठेवतो, हे आपण सगळे जाणतोच.

एफ३१०विरुद्धचा माझा खरा आक्षेप तिच्या धडाबद्दल आहे. ते ड्रेडनॉट आकाराचे, रुंद आणि खोल आहे. बसून वाजवताना बुटक्या व्यक्तीचा किंवा लहान मुलाचा उजवा खांदा वर उचलला जातो आणि काखेत काठ रुततो. दहा वर्षांच्या आतील मुलाला ती देऊ नये. त्याच्यासाठी अर्ध्या किंवा पाऊण मापाची नायलॉनची गिटार पाहावी. डावखुऱ्यांनी उजव्या हाताच्या गिटारच्या तारा उलट्या लावून वेळ मारून नेऊ नये: पोलादी तारांच्या गिटारवर सॅडल तिरका बसवलेला असतो, आणि तारा उलटल्या की तो तिरकसपणा नेमका चुकीच्या बाजूला पडून वरच्या फ्रेटवरचे सूर बिघडतात. त्यांनी डाव्या हातासाठी घडवलेलीच गिटार मागवावी, मग ती एफ३१० नसली तरी चालेल.