झुडपांवरील अळ्यांसाठी जैविक भुकटी : गुणकारी, पण जपून वापरावी अशी
बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्टाकी या जिवाणूपासून बनवलेली, पाण्यात मिसळून फवारायची ही भुकटी रासायनिक कीटकनाशकांपेक्षा मला कितीतरी अधिक पसंत पडली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस १९०१ मध्ये जपानमध्ये आजारी रेशीमकिड्यांत प्रथम आढळला. त्यातील प्रथिनाचे स्फटिक अळीच्या आम्लारिधर्मी आतड्यात विरघळून विषारी ठरतात, त्यामुळे अळी काही तासांतच खाणे थांबवते आणि काही दिवसांत मरते, मात्र पक्ष्यांना आणि ढालकिड्यांना त्याची बाधा होत नाही. कुरतडलेल्या पानाच्या कडेला चिकटलेल्या लहान अळ्या आधी सुस्त होतात, मग काळवंडतात. मोठ्या अळ्यांवर परिणाम कमी दिसतो. त्या हातमोजे घालून वेचणेच बरे. उन्हात प्रभाव लवकर ओसरत असल्याने संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूलाही फवारणी करावी.

माझा खरा आक्षेप वेष्टनावरील ‘पूर्णपणे निरुपद्रवी’ या दाव्याला आहे, कारण ही भुकटी फुलपाखरांच्या अळ्याही मारते. म्हणून ती किडलेल्या झुडपापुरतीच वापरावी, आणि जवळ घरटे असेल तर थोडी पाने खाल्ली जाऊ द्यावीत, कारण अनेक पक्षी पिल्लांना याच अळ्या भरवतात.