उरण की वसई: दोन्हीकडे अकरा-अकरा महिने राहून

गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी फोन करून एकच विचारलं. मुंबईत काही जमत नाही, पण समुद्राजवळ राहायची हौस आहे, तर उरण बघू की वसई? दर वेळी तेच तेच सांगताना मधलं काहीतरी राहून जातं, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

मी दोन्हीकडे भाड्याने राहिलोय. 2024 च्या जूनपासून अकरा महिने उरणच्या द्रोणागिरीत आणि त्यानंतर अकरा महिने वसई गावात. लीव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असतो, त्याचा मला तरी एकच फायदा दिसला: जागा मानवली नाही तर बाराव्या महिन्यात कुणाशी न भांडता टेम्पो बोलावता येतो. घरात आई, बायको आणि मी. बायकोचं काम घरून चालतं, माझं ऑफिस दादरला. घर घ्यायचं ते पन्नास लाखांच्या आत. इमारत जुनी चालेल, पण लिफ्ट नसेल तर पहिल्या मजल्याच्या वर नको, कारण आईचे गुडघे. तुमचं ऑफिस दुसरीकडे असेल तर पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा. गणित उलटं होऊ शकतं.

अलिबाग आणि केळव्याबद्दलही विचारतात. अलिबाग आमच्या यादीतून पहिल्याच रविवारी गेलं. मांडवा, किहीम, आवास या पट्ट्यातले भाव आता आपल्यासाठी नाहीत. गेटवेच्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून गाड्याही नेणारी रो-रो बोट आहे, पण रोज नोकरीला जायचं साधन म्हणून मला ती झेपली नसती. केळव्यावर मात्र जीव जडला होता. सुरूचं बन, पानमळे, शितलादेवीचं देऊळ. डहाणूपर्यंत लोकल 2013 पासून जातात, पण मोजक्याच, आणि स्टेशनपासून गाव चांगलं लांब. घरून काम करणाऱ्याने केळवं जरूर बघावं. मला रोज दादर गाठायचं होतं.

राहिली उरण आणि वसई.

आधी उरणचं कौतुक करतो, कारण अकरापैकी निदान आठ महिने आम्ही तिथे सुखात होतो. द्रोणागिरी हा सिडकोचा नोड, म्हणजे आखून वसवलेलं उपनगर. रस्ते रुंद, इमारती नव्या आणि अजून अर्ध्याच भरलेल्या. वन बीएचकेला आम्ही दहा हजार भाडं देत होतो. नळाला पाणी वेळेवर यायचं. अकरा महिन्यांत एकदाही टँकर पाहिला नाही. संध्याकाळी गच्चीत गेलं की एका बाजूला द्रोणागिरीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला न्हावाशेव्याच्या क्रेनचे दिवे. थंडीत पाणजेच्या पाणथळीवर रोहित पक्षी उतरले की आई रिक्षा करून बघायला जायची. पिरवाडीचा किनारा जवळ, करंज्याची मासळी ताजी.

आणि गाडी! 12 जानेवारी 2024 ला उरणपर्यंत लोकल सुरू झाली, त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं. आम्ही गेलो ते त्याच भरात. सकाळी द्रोणागिरीला चढलं की खिडकीची जागा मिळायची. रोज, हमखास. मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला ही गोष्ट सांगितली की त्याला मी थापा मारतोय असं वाटतं. बाहेर खारफुटी, मिठागरं, मध्येच कंटेनरांचे रंगीबेरंगी ढीग, आणि मी मांडीवर पेपर उघडून बसलेलो.

त्रासही होते, नाही असं नाही. ट्रेलरची रांग बोकडविऱ्यापासून लागली की स्कूटर कुठून काढायची हा प्रश्न पडायचा. खिडकीच्या कट्ट्यावर सकाळी पुसलं तर संध्याकाळी परत काळी पूड. डासांबद्दल बोलतच नाही. मोठं हॉस्पिटल म्हटलं की नेरूळ किंवा वाशी गाठा. पण माणूस सगळ्याला सरावतो. मी एका गोष्टीला सरावलो नाही.

गाडी तासाला एक.

वेळापत्रकात हे वाचलं तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. तासाला एक तर तासाला एक, आपण घड्याळ बघून निघू. सकाळी ते जमतंही. खरी गंमत संध्याकाळी. दादरहून कुर्ला, कुर्ल्याहून हार्बरने नेरूळ आणि नेरूळहून उरणची गाडी. म्हणजे दोन गाड्यांनी वेळ पाळली तरच तिसरी मिळणार. दादरला निघताना साहेबांनी "एक मिनिट" म्हणून थांबवलं, कुर्ल्याच्या पुलावर गर्दी तुंबली, जुईनगरच्या अलीकडे गाडी सिग्नलला चार मिनिटं उभी राहिली, यातलं एक जरी झालं तरी संपलं. नेरूळला उतरून जिन्यावरून धावत पलीकडे जावं, आणि गाडीच्या शेवटच्या डब्याचा लाल दिवा वळणावर दिसेनासा होत असावा. मी तो लाल दिवा किती वेळा पाहिला याची मोजदाद ठेवली नाही, पण आजही डोळे मिटले की दिसतो.

मग पाऊण-एक तास बाकावर. पहिल्या महिन्यात मी त्या वेळेत वाचायचो. दुसऱ्या महिन्यात फोनवर नातेवाइकांची चौकशी करायचो. त्यांना वाटलं असेल, याला अचानक एवढी माया कुठून आली. चौथ्या महिन्यापासून काहीच करेनासा झालो, नुसता बसून राहायचो. त्याच बाकावर माझ्यासारखे ठरलेले सात-आठ जण असायचे. बोलायचं काही नाही, एकमेकांना बघून नुसती मान हलवायची: आज तुमचीही गेली?

उशिरापेक्षा वाईट म्हणजे ऑफिसात साडेपाचपासून माझं लक्ष उडायचं. मीटिंगमध्ये समोरचा बोलत असताना मी मनात जुईनगरचा सिग्नल मोजत असायचो. मित्रांबरोबर चहाला थांबणं बंद झालं. दादरला फुलं घ्यायला दोन मिनिटं थांबलो तर ती दोन मिनिटं नेरूळला पन्नास होऊन समोर यायची. एकदा आईचा वाढदिवस होता. केक घेऊन मी नेरूळच्या बाकावर बसलोय आणि घरी पाहुणे जेवून निघालेत. त्या दिवशी बायको काही बोलली नाही. रविवारी मात्र म्हणाली, "आपण समुद्राजवळ राहतो की वेळापत्रकाजवळ?"

कुणी म्हणेल, मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच आहे की. आहे. मी दोनदा गेलोही. पहाटेच्या पाण्यावरून मुंबई जवळ येताना बघणं यासारखं सुख नाही. पण मोऱ्याच्या बंदरात गाळ आहे, मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या भरतीच्या कलाने चालतात. रेल्वेचं वेळापत्रक निदान पाठ तरी होतं. तिथीप्रमाणे ऑफिस गाठायचं म्हणजे पंचांग खिशात ठेवायचं. अटल सेतूवरून गाडीने जायचं तर एका बाजूचा टोल अडीचशे रुपये. रोजच्यासाठी तो विचार आम्ही केलाच नाही.

उरणच्या गाडीच्या फेऱ्या अलीकडे थोड्या वाढल्यात. अर्ध्या तासाला एक झाली तर माझी तक्रार निम्मी होईल, हे प्रामाणिकपणे सांगतो.

आता वसई. इथे मी कौतुकापासून सुरुवात करणार नाही, कारण वसईची दुखणी सगळ्यांना ठाऊक आहेत आणि ती खरी आहेत.

पाणी हे पहिलं दुखणं. सूर्या धरणाचं पाणी आलं, आणखी येतंय, पण आमच्या सोसायटीत आठवड्यातून दोन दिवस टँकर येतोच. पहाटे पाचला खाली रिव्हर्सची पीं-पीं, मग पाइप ओढल्याचा आवाज, मग मोटर. वसईकर त्या मोटरच्या आवाजाला कूस बदलून परत झोपतो. मला ते यायला तीन महिने लागले. दुसरं दुखणं पावसाचं. 2018 च्या जुलैत रुळांवर पाणी साचून वसई-विरार मुंबईपासून तुटलं होतं, ते अजून लोक सांगतात. घर बघताना रस्त्याची उंची बघा, आणि त्याहून बरं म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, "पाणी कुठवर येतं?" तो भिंतीवर बोट ठेवून दाखवतो. सनसिटीच्या बाजूला एका घराला आम्ही याच बोटामुळे नकार दिला.

तिसरं दुखणं कागदांचं, आणि हे हसण्यावारी न्यायचं नाही. 2025 च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात 41 अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या, त्या आरक्षित जागेवर उभ्या होत्या. तिथे राहणाऱ्यांनी पैसे मोजूनच घरं घेतली होती. तेव्हा स्वस्त मिळतंय म्हणून भुलू नका. ओसी, म्हणजे इमारतीचा भोगवटा दाखला, नसेल तर चहा पिऊन उठा. या बाबतीत द्रोणागिरी उजवी, कारण सिडकोची जमीन, आखलेले भूखंड. अर्थात तिथेही जमीन भाडेपट्ट्याची असते आणि हस्तांतरणाचे पैसे भरावे लागतात, ते विचारून घ्या.

आणि गर्दी. वसईला सकाळी सात ते साडेनऊ गाडीत चढणं ही कला आहे. विरारहून गाडी भरूनच येते. बरेच जण आधी विरारला डाउन करून, म्हणजे उलट्या दिशेने जाऊन, तिथून बसून येतात; मीही करतो, वीस-पंचवीस मिनिटं जातात पण दादरपर्यंत बसायला मिळतं. घाई असेल तर दारात लटकणाऱ्यांच्या खांद्याखालून घुसायचं. पहिल्या आठवड्यात माझ्या शर्टाची दोन बटणं आणि चष्म्याची एक काडी गेली.

पण एक गाडी चुकली तर मागून दुसरी येते. एवढंच सांगायचं होतं मला.

संध्याकाळी दादरला मी सातला पोचलो काय, सव्वासातला पोचलो काय, जगात काही फरक पडत नाही. विरार फास्ट गेली तर पुढची आहे, ती फारच भरली असेल तर त्यापुढची. मी परत चहाला थांबायला लागलो. फुलं घेतो. साहेबांचं "एक मिनिट" ऐकून घेतो, कधी कधी मनापासून. वसईला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत दहा मिनिटं जातात, पण ती रांग पुढे सरकत असते. सरकणाऱ्या रांगेत उभं राहणं आणि रिकाम्या रुळांकडे बघत बसणं यातला फरक मला चाळिशीत कळला.

प्रवासाची वेळ मोजली तर म्हणाल तेवढा फरक नाही बहुधा. दोन्हीकडे दारापासून दारापर्यंत दीड ते दोन तास. मी काही स्टॉपवॉच लावलेलं नाही. फक्त उरणला दोन तासांचे पावणेतीन होतील की काय ही धास्ती रोज असायची, वसईला ती नाही.

समुद्राचं म्हणाल तर, खरं सांगू? दोन्हीकडे सहा महिन्यांनी माणूस समुद्रावर फक्त रविवारी जातो. पाणी दोन्हीकडे मातकट, पावसाळ्यात डांबरगोळे पायाला चिकटतात ते वेगळंच. खारा वारा दोन्हीकडे सारखाच खातो: स्कूटरचा मडगार्ड, खिडकीच्या बिजागऱ्या, एसीचा बाहेरचा डबा. ग्रिल लोखंडाचं असेल तर दर दिवाळीला रंगाचा डबा धरून ठेवा.

तरी वसई गावाचं एक आहे. स्टेशनच्या बाजूला सगळी उपनगरं सारखीच दिसतात. पारनाक्याच्या पुढे गेलं की वाड्या सुरू होतात. केळीची पानं, विहीर, एखादं हिरवंगार बावखल म्हणजे वाडीतलं तळं, पलीकडे चर्चचा मनोरा, आणि रस्त्याच्या शेवटी चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये घेतलेला किल्ला. हिवाळ्यात पाचूबंदरला बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात. वास ज्याला सोसेल त्याने तिकडे घर बघावं. उन्हाळ्यात एक मावशी दारावर सुकेळी घेऊन येतात, केळीच्या सोपटात बांधलेली. आईचं मत त्या सुकेळ्यांनीच फिरवलं असा मला संशय आहे. द्रोणागिरीत आईला ओळख व्हायला तिथली माणसं नव्यानेच आलेली. इथे पंधरा दिवसांत तिला अख्ख्या आळीची सोयरीक पाठ.

तेव्हा ज्याचं ऑफिस बेलापूर, वाशी, न्हावाशेवा किंवा नव्या विमानतळाच्या बाजूला आहे, त्याने माझं काही ऐकू नये, सरळ उरणला जावं. नवी इमारत, नळाचं पाणी आणि बसायला जागा यांत त्याचं काही चुकणार नाही. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जाणाऱ्यालाही मी उरणच सुचवीन. पण रोज पश्चिम किंवा मध्य मुंबई गाठायची असेल तर, माझ्या अल्प अनुभवाप्रमाणे, वसईकडे जरा जास्त झुकून बघा. आणि घर बघायला रविवारी सकाळी जाऊ नका. जुलैतल्या एखाद्या मंगळवारी, ऑफिस सुटल्यावर, पावसात, ऑफिसच्या बॅगेसकट जा.

आम्ही शेवटी वसई गावातच घेतलं. अठ्ठावीस वर्षांची इमारत, पहिला मजला, ओसी हातात. द्रोणागिरीच्या घरमालकांकडे डिपॉझिटचा चेक घ्यायचा राहिला होता, तो आणायला एका शनिवारी गेलो. त्यांनी आग्रहाने जेवायला बसवलं, करंज्याची कोलंबी होती, नाही म्हणवेना. निघालो तेव्हा घड्याळ बघायची सवय मोडलेली. स्टेशनचा जिना चढलो आणि समोरून लाल दिवा गेला. पन्नास मिनिटं बाकावर बसून होतो, चेक खिशात, पोट भरलेलं, आणि शेजारी जुन्यांपैकी एक जण. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.