बदकाच्या तळपायाची गाठ आणि चिकटणारी पट्टी: मृगापासून दिवाळीपर्यंतच्या वापरानंतर

पोव्हिडोन आयोडीन, मॅग्नेशियम सल्फेट (एप्सम मीठ), पॅराफिन गॉज (जखमेला चिकटू नये म्हणून मऊ पॅराफिन लावलेलं जाळीदार कापड), साधा गॉज आणि कोहेसिव्ह बँडेजचा रोल. तळपायाला गाठ आलेल्या बदकावर घरी उपचार करायचा तर सामान एवढंच लागतं आणि बदकं पाळणाऱ्यांना त्याची नव्यानं ओळख करून द्यायला नको. मृगापासून दिवाळीपर्यंत, बेळगाव-खानापूरच्या पावसात, हे सगळं रोजच्या वापरात होतं. पहिल्या चार वस्तूंबद्दल फारसं गाऱ्हाणं नाही. हे लिहिणं आहे ते पाचव्या वस्तूपायी.

बदकाच्या पायावर या पट्टीशिवाय दुसरं काही टिकत नाही, हे आधीच मान्य. कागदी टेप ओली झाली की गळून पडते. झिंक ऑक्साइडची पांढरी टेप काढताना कातडी ओढते. क्रेप बँडेजबरोबर येणारी धातूची क्लिप तर बदकाच्या आसपासही नको. बदक चमकणारं काहीही गिळतं, आणि जस्त किंवा शिसं पोटात गेलं तर दोन्ही पायांतली शक्ती जाते. मग गाठ बाजूलाच राहते. म्हणून पट्टी कोहेसिव्हच हवी: स्वतःला चिकटणारी, पिसांना न चिकटणारी.

पण ऑनलाइन घाऊक पॅकमध्ये मिळणारे रोल भरवशाचे नाहीत. पॅक फोडला तर त्यातले बरेच रोल मेलेले निघाले. ओढले की लांबतात, पण थरावर थर धरत नाही. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: पॅक उघडलं, आता परत नाही. न उघडता चिकट तपासायची तरी कशी, याला उत्तर नाही. स्वस्त रोलांतला चिकटपणा बहुधा लॅटेक्सचा असतो आणि उष्णतेनं लॅटेक्स मरतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेला रोल पावसाळ्यात तुमच्या हाती येतो. त्यापेक्षा औषध दुकानातून एकच रोल घ्यावा आणि तिथेच टोक तपासावं. वीतभर पट्टी दुमडून दाबायची आणि सोडवायची. सोडवताना जोर लागला पाहिजे आणि चरचर आवाज आला पाहिजे. घरी आल्यावर हीच परीक्षा पट्टी नळाखाली ओली करून घ्यायची. कोरडी पास झालेली पट्टी ओली नापास होते, आणि बदकाच्या बाबतीत ओली परीक्षाच खरी.

पैसे वाचवायचे तर रुंदीत वाचतात. बदकाच्या पायाला 2.5 सेंटीमीटरच्या वर रुंदी लागत नाही, आणि अरुंद रोल त्या मानानं महाग पडतो. 10 सेंटीमीटरचा रोल घेऊन दातेरी सुरीनं रोलसकट चार चकत्या कापल्या की काम भागतं. कापलेल्या कडांचे थोडे दोरे निघतात, ते कात्रीनं छाटून टाकावेत. लोंबता दोरा बदक चोचीनं ओढतं आणि गिळतं.

आता बांधणी. कोंबडीच्या पायाची जी चित्रं सगळीकडे दिसतात, त्यांत पट्टी बोटांच्या मधून ओवलेली असते. बदकाला मधे पडदा आहे, तिथून पट्टी जाणार कुठून? बदकाची पट्टी नळीवरून, म्हणजे पंज्याच्या वरच्या पायाच्या दांड्यावरून, सुरू करावी लागते. मागच्या आखूड बोटाच्या वर दोन सैल वेढे, मग पायाच्या वरच्या बाजूनं तिरकी खाली, तळव्याच्या गादीखालून पलीकडे, पुन्हा वर येऊन मागच्या बोटाच्या वरून नळीला. असा इंग्रजी आठचा आकडा दोनदा पुरे. शेवटचं टोक नळीच्या बाहेरच्या बाजूला दाबायचं, तळव्याखाली कधीच नाही. हे चालू असताना दुसऱ्या माणसानं बोटं पंख्यासारखी पसरून धरायला हवीत. पट्टी गादीच्या फार पुढे सरकली तर पडद्याला घडी पडते, बदक त्या घडीवरच चालतं आणि एका जखमेच्या दोन होतात.

ताण हा या पट्टीचा सगळ्यात मोठा दोष. रोलमधून निघतानाच ती ताणलेली असते. तशीच गुंडाळली तर तासाभरात पाय आवळते. म्हणून हातभर लांबी आधी सोडवून घ्यायची, तिला आक्रसू द्यायचं आणि मग नुसती ठेवत जायचं. बांधल्यावर तासाभरानं आणि रात्री खुराडं लावताना बोटांची टोकं हातानं पाहावीत. दुसऱ्या पायापेक्षा गार लागली, सुजली किंवा पडद्याचा रंग काळपट दिसला तर पट्टी लगेच कापून काढायची.

पट्टीच्या आतलं काम सोपं आहे. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे मॅग्नेशियम सल्फेट घालून त्यात पाय 10 ते 15 मिनिटं ठेवायचा. हे पाणी बदकानं पिऊ नये, जुलाब होतात, म्हणून आधी साधं पाणी पोटभर पाजावं. निपाणी-चिकोडीकडे कृषी सेवा केंद्रात हेच मीठ खत म्हणून पोत्यानं स्वस्तात मिळतं. उघड्या जखमेसाठी मात्र औषध दुकानातलं शुद्धच घ्यावं. थोड्या पैशांचा फरक आहे, इथे काटकसर नको. मग पाय स्वच्छ कापडानं टिपून कोरडा करायचा. पोव्हिडोन आयोडीन 5 टक्क्यांचं असेल तर एक भाग औषधाला नऊ भाग उकळून गार केलेलं पाणी. रंग पातळ कोऱ्या चहाचा यायला हवा. गडद द्रावण रोज लावलं तर नवी येणारी कातडीही जळते. त्यावर पॅराफिन गॉजचा तुकडा, त्यावर साध्या गॉजची गोल चुंबळ. चुंबळीचं भोक जखमेवर यावं, म्हणजे वजन कडेच्या कातडीवर पडतं. मग पट्टी. हातमोजे घालायचे, कारण या गाठीत बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस जंतू असतात आणि ते माणसाच्या चिरेतही शिरतात.

धरताना बदकाची छाती आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती हलली तरच श्वास चालतो. टॉवेलमध्ये पंख गुंडाळून, डोक्यावर कापडाचं टोक टाकून मांडीवर घेतलं की ते शांत बसतं.

तळव्याची काळी खपली भिजून आपोआप सुटली तर काढावी, ओढून नाही. आत पू असेल तर तो वाहणारा नसतो. पक्ष्यांचा पू घट्ट, पिवळसर, भुरभुरीत गोळा होऊन बसतो, त्यामुळे दाबून बाहेर येत नाही. उलट दाबल्यानं जंतू खोल जातात. ब्लेडनं कोरून तो काढणं हे घरचं काम नाही, तिथे रक्तवाहिन्या आणि स्नायुबंध अगदी जवळ असतात. पायाच्या वरच्या बाजूलाही सूज दिसली, घोट्याचा सांधा गरम लागला, किंवा आठवडाभराच्या ड्रेसिंगनंतर गाठ तसूभरही उतरली नाही, तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं. प्रत्येक ड्रेसिंगला तळव्याशेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढला की गाठ उतरते की वाढते यावर वाद राहत नाही, आणि डॉक्टरांनाही तोच फोटो दाखवता येतो.

ऐन आषाढात या पट्टीला पाचपैकी दोन गुण द्यायचं ठरलं होतं. कारण ती पाणी अडवत नाही, धरून ठेवते. वरून कोरडी वाटते, पण आतला गॉज तासन्‌तास ओला राहतो. काढल्यावर तळव्याची कातडी पांढरी, सुरकुतलेली, मऊ पडलेली दिसते. अशा कातडीला लगेच नवी चीर पडते.

श्रावणात मत बदललं. पट्टी तीच, खालची जमीन बदलली. आपल्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे किंवा खडबडीत कोबा. जांभ्याच्या भोकांत पाणी आणि विष्ठा साठते आणि कडा तळवा घासतात. खानापूरकडची लाल चिखलाची जमीन मऊ असली तरी कायम ओली. गाठ येण्याचं मूळ तिथेच आहे: कठीण खडबडीत जमीन, ओल, जास्त वजन आणि उंचावरून मारलेल्या उड्या. गोठ्यात गाईखाली घालतात ती जाड रबरी मॅट खुराड्यात आणि पाण्याच्या भांड्याभोवती टाकली. दुधाच्या धंद्यामुळे ती इथे सहज मिळते, आणि दुकानदार कापलेले तुकडे कमी भावात देतात. रोज पाण्यानं धुवायची, उभी करून निथळवायची आणि वर कोरडं भाताचं पिंजर. तेव्हापासून पट्टी दिवसभर कोरडी राहू लागली. त्याच पट्टीला आता चार गुण. सगळ्या सामानात पैसे वसूल झाले ते या मॅटचे, आणि ती औषधांच्या कुठल्याच यादीत नसते.

अंथरणात दोन गोष्टी टाळाव्यात. भाताच्या तुसाची टोकं टोचतात आणि जखमेत घुसतात. गुऱ्हाळाची चिपाडं फुकट मिळतात, पण पावसात त्यांना बुरशी धरते आणि ती बुरशी बदकाच्या फुफ्फुसात जाते. ओल मारायला चुना टाकायची सवय बऱ्याच घरांत आहे. ओल्या चुन्यानं तळवा भाजतो.

पोहणं पूर्ण बंद करू नये. पाण्यात पायावर वजन पडत नाही, बदकाला आराम मिळतो. टबात स्वच्छ पाणी घेऊन पट्टी काढायच्या वेळीच पोहू द्यावं, त्यानंतर मॅग्नेशियम सल्फेटचं पाणी आणि नवं ड्रेसिंग. एरवी डोळे आणि नाकपुड्या बुडतील एवढी खोल बादली पुरते. तळ्यावर किंवा ओढ्यावर जखम भरेपर्यंत सोडू नये.

घरातल्या औषधांच्या डब्याबद्दल. खाज-गजकर्णाच्या बऱ्याच ट्यूबमध्ये बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टिरॉइड असतं. पक्ष्यांना स्टिरॉइड फार बाधतं, प्रतिकारशक्ती पडते आणि गाठ पसरते. दुखण्यावरच्या बऱ्याच जेलमध्ये डायक्लोफेनॅक असतं, आणि बदक चोचीनं ते चाटून खातं. याच औषधानं गिधाडं संपत आली आणि 2006 मध्ये भारतात जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं. वेदनाशामक डॉक्टरांनीच वजन करून द्यावं. हळद-तेलाचा लेपही नको: तेल पिसांना लागलं की पिसं पाणी अडवत नाहीत, आणि पिवळ्या थराखाली जखम कशी आहे ते दिसत नाही. अँटिबायोटिक दिलं असेल तर त्या काळातली आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितक्या दिवसांची अंडी घरात खाऊ नयेत, विकूही नयेत.

तळवा दोन्ही बाजूंनी स्वच्छ असूनही बदक लंगडत असेल तर पट्टीचा उपयोग नाही. आधी बोटांभोवती गुंतलेला दोरा किंवा केस आणि पडद्यात मोडलेला बाभळीचा काटा शोधावा. पिल्लांचे पाय वाकडे होत असतील तर बहुधा नायसिन (एक ब जीवनसत्त्व) कमी पडतंय. बदकाला किलोभर खाद्यात सुमारे 55 मिलिग्रॅम लागतं, कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात ते यापेक्षा बरंच कमी धरलेलं असतं, आणि मक्यातलं नायसिन अंगी लागत नाही. वाटीभर खाद्याला एक मोठा चमचा ब्रुअर्स यीस्ट (वाळवलेलं निर्जीव यीस्ट) घालावं. बेकरीचं जिवंत यीस्ट चालत नाही. शेंगदाणा पेंडीत नायसिन भरपूर असतं, पण पावसाळ्यात पेंडीला बुरशी धरते आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष बदकाला इतर पक्ष्यांपेक्षा फार लवकर मारतं. श्रावणातली पेंड नकोच. नुसत्या पांढऱ्या ज्वारीवर वाढलेल्या बदकाला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि तळव्याची कातडी कमजोर होते. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पिवळा मका द्यावा. मान लुळी पडून दोन्ही पाय गेले असतील तर घाण पाण्यातल्या बोट्युलिझमची (जंतूंच्या विषबाधेची) शंका घ्यावी आणि वाट न बघता जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या 1962 या क्रमांकाला फोन लावावा.

सुरुवातीला ड्रेसिंग रोज, गाठ उतरू लागली की दिवसाआड, आणि ओलं झालं तर त्याच क्षणी. तळव्याच्या गादीवर मूळची खरखरीत दाणेदार कातडी परत दिसेपर्यंत थांबू नये. गुळगुळीत गुलाबी कातडी म्हणजे जखम अजून कच्ची आहे. उरलेल्या चकत्या झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, घराच्या थंड खोलीत ठेवाव्यात, पत्र्याच्या शेडमध्ये नाही. आणि बांधायला घेण्याआधी प्रत्येक वेळी ती ओली परीक्षा पुन्हा घ्यावी.