प्रीगाबालिन: आग निम्मी, गुंगी फुकट
आंब्यावरून पडलो, मज्जारज्जूला मार लागला, कमरेखाली सगळं बधिर. पण ज्या पायांना चिमटा कळत नाही, त्याच पायांत रात्रभर निखारे! साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ढिम्म फरक पडला नाही. मग प्रीगाबालिन, म्हणजे नसांच्या दुखण्यावरची गोळी. अमेरिकेत तर २०१२ पासून ती खास याच दुखण्यासाठी मंजूर आहे. ७५ मिलिग्रॅम दोनदा, पुढे डॉक्टरांनी १५० केली. आग विझली नाही, निम्म्यावर आली. सलग चार तास झोपतो, हेच खूप. पहिला पंधरवडा मात्र नुसती गुंगी. व्हीलचेअरवरून पलंगावर सरकताना दोनदा तोल गेला. पावलं सुजली, वजन सहा किलो वाढलं (उचलणाऱ्या बायकोला विचारा). एकदा दुकानात साठा नव्हता, दोन दिवस गोळी चुकली: घाम, मळमळ, झोपेचं खोबरं. ही एकदम बंद करायची नसते. आता पुढची पाकिटं आठवडाभर आधीच आणतो.