चाबी राणीचं चित्र छापून घेतलं: ठाकूरद्वारच्या छपाईवाल्यांचा अनुभव

माझ्या शिवणक्लासच्या भिंतीसाठी तेराव्या शतकातल्या मंगोल सम्राट कुबलाई खानाची पट्टराणी चाबी हिचं चित्र हवं होतं. मूळ चित्र रेशमावरचं, तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. माप 61.5 बाय 48 सेंटिमीटर. मी तेवढंच मागितलं, कारण गळ्याच्या काठाची नक्षी मुलींना नाक लावून बघता यायला हवी.

पहिल्या नमुन्यात लाल झगा विटकरी आला. दुकानातल्या दादांनी स्वतःच तो बाजूला सारला. "ताई, हा मी तुम्हाला देणार नाही." मग रंग नव्याने बसवला. आता उंच टोपीवरचे मोती, कानातल्या सरी, गळ्यालगतचे काठ, सगळं सुटं सुटं दिसतं. मॅट कागदच घ्या, उजेडाची तिरीप येत नाही.

कडा कापताना दादांनी विचारलं, ही कोण? मी म्हटलं, आमच्या शिवणाच्या कामातली बाई. युआन घराण्याच्या, म्हणजे कुबलाईने चीनमध्ये स्थापलेल्या राजघराण्याच्या, अधिकृत इतिहासात नोंद आहे: नेम धरताना खानाचे डोळे उन्हाने दिपायचे, कारण मंगोल टोपीला पुढे झाप नव्हती. चाबीने ती जोडली, खान खूश झाला आणि तोच नमुना ठरला. तिने एक अंगरखाही बेतला. बाही नाही, कॉलर नाही, मागची उंची पुढच्याच्या दुप्पट, बांधायला दोन बंद. बाही नाही म्हणजे मुंढा मोकळा, धनुष्य ताणताना हात अडत नाही! लोकांनी लगेच तसेच शिवून घेतले. राजवाड्यातल्या बायकांकडून जुन्या प्रत्यंचांचा धागा काढून तिने कापड विणवलं, टाकाऊ मेंढीच्या कातड्यांची बैठक शिववली. कतरण टाकू नका असं मी रोज ओरडते, ते आता भिंतीकडे बोट दाखवून सांगते.

नुसती शिवणकाम करणारी म्हणून तिला बघू नये. 1259मध्ये कुबलाईचा थोरला भाऊ, तेव्हाचा मुख्य खान मोंगके वारला तेव्हा कुबलाई दक्षिण चीनमधल्या सोंग राज्याशी लढत होता. धाकटा दीर अरिक बोके गादीसाठी फौज जमवतोय हा निरोप चाबीनेच धाडला. कुबलाई परतला आणि 1260मध्ये खान झाला. पुढे 1276मध्ये सोंगांची राजधानी पडली, लुटीची रत्नं मांडली गेली. चाबीने ती पाहिली आणि काहीच न घेता निघून गेली. उलट कैद करून आणलेल्या सोंग राजमातेला उत्तरेची हवा मानवत नाही, तिला माघारी जाऊ द्या म्हणून ती खानाच्या मागे लागली. खानाने ऐकलं नाही, पण तिने त्या बाईची आणखीच काळजी घेतली. मला ती सगळ्यात आवडते ती यासाठी.

फ्रेम मात्र इथून करू नका. कोपरे नीट जुळले नाहीत, काचही चकचकीत लावली. मी ती काढून दुसरीकडून लाकडी करून घेतली. छपाईसाठी पुन्हा इथेच जाणार. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, सकाळी गेलात तर दादा नमुना समोर बसवून दाखवतात.