पाथर्डी फाट्याकडचा नवा टू बीएचके : स्ट्रक्चर दणकट, पाण्याची कामं कच्ची

बिल्डरचं नाव लिहीत नाही. मावसभावाने नाशकात पाथर्डी फाट्याच्या पुढे एका मोठ्या स्कीममध्ये टू बीएचके घेतलाय, पझेशनच्या आधी आम्ही ओळखीच्या मिस्त्री काकांना सोबत घेऊन घर कोपरान् कोपरा तपासलं, त्याचा हा रिव्ह्यू. आडगाव, म्हसरूळकडे अशाच मोठ्या स्कीममध्ये घर बघत असाल तर तुम्हालाही उपयोगी पडेल.

आधी चांगलं सांगतो. बिल्डिंग मिवान शटरिंगची आहे, म्हणजे भिंती विटांच्या नाहीत, स्लॅबबरोबरच ओतलेल्या काँक्रीटच्या. काकांनी प्रत्येक खोलीत ओळंबा आणि गुण्या लावला, भिंती एकदम सरळ, कोपरे काटकोनात. एकच साचा प्रत्येक मजल्याला वापरतात म्हणून हे जमतं आणि मोठ्या बिल्डरचा खरा फायदा हाच आहे. फक्त एक लक्षात ठेवा, अशा भिंतीत नंतर झिरी मारून वायर किंवा पाइप टाकता येत नाही, त्यामुळे एसी, गिझर, इन्व्हर्टर, वॉटर प्युरिफायर सगळ्यांचे पॉइंट कुठे आहेत ते सुरुवातीलाच बघून घ्या.

दुसऱ्या स्कीममध्ये विटांचं किंवा ब्लॉकचं काम असेल (नाशकात एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेमुळे फ्लाय अॅशची वीट भरपूर चालते) तर कॉलम आणि वीटकाम जिथं मिळतं तिथं प्लास्टरच्या आत कोंबडी जाळी मारलीय का ते काम चालू असतानाच विचारा, नाहीतर बरोब्बर त्या जोडावर सरळ रेषेत भेग येते. प्लास्टरला केसासारख्या बारीक भेगा पडतातच, त्याने घाबरायचं कारण नाही. पण भेग तिरकी असेल, रुंद होत चालली असेल, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसत असेल किंवा कॉलम-बीममध्येच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय गप्प बसू नका. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर अशा भेगा येतात.

आता खरी अडचण, पाणी. कॉमन बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं तर निम्मं दारामागच्या कोपऱ्यात साचून राहिलं, उतारच चुकलाय. मग आम्ही नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं भोक) बुजवून दोन इंच पाणी भरून ठेवायला सांगितलं, साइट इंजिनिअर म्हणाला सर फरशी बसलीय आता कशाला टेस्ट, पण भाऊ हटला नाही. ४८ तासांनी खालच्या फ्लॅटचं कुलूप उघडून घेऊन छत बघितलं, पाइप जिथून खाली उतरतो तिथं चक्क ओल होती. फरशी उचलून वॉटरप्रूफिंग परत केलं, परत पाणी भरलं, तेव्हा कोरडं निघालं. विचार करा, हेच राहायला गेल्यावर समोर आलं असतं तर खालच्यांशी भांडण, वरून भिंतीतलं कपाट फुगलेलं, आणि दुरुस्तीसाठी अख्खं बाथरूम बंद.

खिडक्यांचंही तेच. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून वाऱ्यासकट येतो, त्यामुळे बेडरूमच्या पश्चिमेच्या खिडकीवर पाइपने पाणी मारून बघितलं. ट्रॅकमधली पाणी बाहेर जायची भोकं सिमेंटने बुजलेली, त्यामुळे पाणी सरळ आत. भोकं मोकळी करून बाहेरून सिलिकॉन मारून दिलं, किरकोळ काम होतं पण कुणीतरी बघायला हवं होतं ना.

हॉलमध्ये नाण्याने टकटक केलं तर चार फरश्या पोकळ वाजल्या. काका म्हणाले फरशीवाल्याला पैसे फुटावर मिळतात, घाईत खाली पूर्ण मसाला न पसरता ठिपके ठिपके लावून बसवतात, मग वर काही जड पडलं की तडा. वायरिंग तसं ठीक, पण किचनमधल्या एका प्लगला अर्थिंगच नव्हतं, साध्या प्लग टेस्टरने लगेच कळलं.

सॅम्पल फ्लॅट बघून भुलू नका, तो खास कारागीर लावून सावकाश केलेला असतो. त्यापेक्षा त्याच बिल्डरची चार-पाच वर्षं जुनी स्कीम ऑगस्टमध्ये जाऊन बघा, तिथं पार्किंगचं छत, मागची डक्ट (पाइप खाली नेणारी मोकळी जागा), गच्चीचे कोपरे बघा, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांशी बोला. आम्ही तसं केलं होतं, गच्ची चांगली निघाली म्हणून तर भावाने बुकिंग केलं.

अजून एक महत्त्वाचं. सेल्स ऑफिसमध्ये आम्हाला सांगितलं एक वर्षाची वॉरंटी आहे. असं नसतं हो! २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे पझेशनपासून ५ वर्षांत स्ट्रक्चरचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निघाला आणि तुम्ही कळवलंत तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचं असतं. पण तोंडी बोलू नका, फोटोसकट ईमेल करा, आणि पझेशन लेटरवर सही करताना राहिलेल्या कामांची यादी जोडून त्यावर त्यांचीही सही घ्या.

माझ्याकडून स्ट्रक्चरला ५ पैकी साडेचार, फिनिशिंगला अडीच, आणि सांगितल्यावर दुरुस्ती करून देण्याला साडेतीन, कारण मागे लागावं लागलं तरी टाळाटाळ केली नाही. हॉलच्या चार फरश्या आणि किचनचा प्लग बाकी आहे, ते झाल्याशिवाय भाऊ चावी घेणार नाही.